व्हायब्रेटो टेलपीस बसवताना मधली रेघ तारांवरून ठरवा

इलेक्ट्रिक गिटारवर बिग्स्बीसारखा टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा भाग; याची दांडी हलवून सूर थरथरवतात) बसवताना बॉडीच्या लाकडाचा जोड किंवा पट्ट्याचं बटण म्हणजे मध्य, असं धरून भोकं पाडू नका. नेक (गिटारची मान) केसभर तिरकी असली तरी हिशेब चुकतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिराकडे काम देणार असाल, तर रेघ मारूनच गिटार द्या.

टेलपीस दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता लावा. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन पक्के दोरे ब्रिजवरून (बॉडीवरचा तारांचा आधार) टेलपीसच्या, तारा अडकतात त्या आडव्या दांड्यापर्यंत ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी (नेकवरची धातूची आडवी पट्टी) स्टीलच्या पट्टीने मोजा: दोऱ्यापासून फ्रेटबोर्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक दिसला तरी टेलपीस सरकवा. ब्रिजवरून जाताना दोरा बाजूला वाकत असेल, तर पुढे तारही तिथून निसटणार.

आता मागे-पुढे. टेलपीस ब्रिजच्या फार जवळ आला की तार तीव्र कोनात खाली वळते, सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो भाग) घासते आणि दांडी सोडल्यावर सुरात परत येत नाही. फार लांब गेला तर दाब कमी पडून तार खडखडते. दांडी पूर्ण फिरवून ती व्हॉल्यूमच्या नॉबला अडत नाही ना, हेही आत्ताच बघा.

भोक स्क्रूच्या आट्यांच्या नव्हे, आतल्या गाभ्याच्या जाडीचं. स्क्रूला साबण लावा, नाहीतर कडक लाकडात तो तुटतो. अर्थची वायर टेलपीसच्या उघड्या धातूला टेकलेली हवी, नाहीतर अँपमधून गुणगुण येते.