नारळी पौर्णिमेचं उधाण उतरलं की चेरचं, म्हणजे खारफुटीचं, बी टोचायला घ्या

बडोद्यातल्या ज्या मंडळींची जमीन जंबुसर-कावीकडे खाऱ्या पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. दांडिया बाजारात भेटले की सगळे कापसाचं विचारतात, बांधाबाहेरच्या चिखलाचं कोणी विचारत नाही, आणि बांध टिकतो तो त्या चिखलातल्या झाडांवर. कोकणातले पाहुणे त्याला तिवर म्हणतात, इथं चेर, कागदावर खारफुटी.

कंबोईच्या स्तंभेश्वराला गेला असाल तर भरतीत शिवलिंग पाण्याखाली जाताना बघितलंच असेल, खंबातच्या आखाताचं तेच पाणी दिवसातून दोनदा तुमच्या बांधाकडे येतं. पुढं चेरचा दाट पट्टा असला की लाटेचा जोर तिथंच मोडतो आणि गाळ मुळांत बसतो. 1999 च्या ओडिशाच्या चक्रीवादळात केंद्रापाड्यात ज्या गावांपुढं खारफुटी होती तिथं माणसं कमी दगावली.

आता बियांचं. श्रावण-भाद्रपदात चेरचं बी पिकतं, वालाच्या दाण्यासारखं चपटं पण मोठं, पिवळसर झालं की फांदी हलवली तरी पडतं. हिरवं ओढून तोडू नका, भोक पडलेलं घेऊ नका. रात्रभर खाडीच्या पाण्यात ठेवा, सकाळी दोन बोटांत दाबलं की साल सुटते आणि आत दोन जाड हिरव्या पाकळ्या घडी घातल्यासारख्या दिसतात. ओल्या गोणपाटात सावलीत ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत लावून टाकायचं, हे काही गव्हाचं बियाणं नाही डब्यात ठेवायला.

नारळी पौर्णिमेचं उधाण उतरू द्या, मग गोकुळाष्टमीच्या सुमाराला भांगेचं, म्हणजे कमी भरतीचं, पाणी असतं, तेवढ्यात बी टोचलं तर मूळ धरायला वेळ मिळतो, नाहीतर पुढच्या अमावस्येला सगळं वाहून जातं. सातम-आठमची सुट्टी असतेच, शहरातली पोरं पण घेऊन जा. मुळाची बाजू खाली, तिसरा हिस्सा चिखलात, एका जागी दोन-तीन बिया.

जागा मात्र नीट बघा. मामांच्या शेतापुढं पहिल्या वर्षी आम्ही खोलगट भाग धरला, मऊ चिखल बघून खूश झालो, पण ओहोटीला पाणी निघेना आणि पंधरा दिवसांत सगळं बी कुजलं. दुसऱ्या वर्षी चिखलाचेच ओटले केले, म्हणजे चौकोनी उंचवटे, त्यावर बरंच जगलं. ओहोटीला जिथं निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, इथले लेवटा म्हणतात ते, उड्या मारताना दिसतात आणि पाणी निथळून जातं ती जागा धरा. ती जमीन बहुतेक सरकारी असते, म्हणून आधी वनखात्याला विचारा. असलेला चेर तर सरपणाला पण तोडू नका, किनाऱ्याच्या नियमांत तो सीआरझेड-1अ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक जपणुकीच्या वर्गात, येतो.

बांध दुरुस्तीची माती समुद्राच्या बाजूनं खणू नका, शेताच्या बाजूनं घ्या. आणि चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वासमुळं दिसली की त्यात अडकलेल्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या तेवढ्या काढा, आपली विश्वामित्री ढाढर नदीतून तिकडंच जाते, त्यामुळं त्यातला निम्मा कचरा आपलाच असणार असं मला वाटतं.

म्हशींना पहिली दोन-तीन वर्षं तिकडं सोडू नका, कोवळा पाला त्यांना फार आवडतो. मामांच्या एका म्हशीनं एका दुपारी अख्खी ओळ साफ केली होती, आता बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे.