शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणताना या चुका टाळा

अमळनेरच्या आमच्या घरी तांबी, शर्यतीत धावणाऱ्या ग्रेहाउंड या सडपातळ जातीची कुत्री, आली त्या दिवशी शेजारच्या मावशींनी ओट्यावरून तिला शेपटीपासून कानापर्यंत एकदा न्याहाळले आणि मला सरळच विचारले, "हिले खावाले देतस का नही रे भाऊ?" प्रश्न मायेचा होता, पण ग्रेहाउंड पाळताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचे माप आपण या प्राण्याला लावतो, आणि मग त्याची तब्येत, त्याचे वागणे, इतकेच काय त्याच्या रक्ताचा अहवालसुद्धा आपल्याला चुकीचा दिसू लागतो.

हे कुत्रे आपल्याकडे येतात कसे, ते आधी सांगायला हवे. पंजाबात किला रायपूरसारख्या ग्रामीण क्रीडास्पर्धांमध्ये ग्रेहाउंडच्या शर्यती होत आल्या आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या गावजत्रांतही श्वानशर्यती भरतात. तिथे शुद्ध ग्रेहाउंडबरोबर कारवान या देशी शिकारी जातीशी संकर झालेली कुत्रीही धावतात. कुत्र्याचा वेग कमी झाला किंवा पाय दुखावला की मालकाचा त्याच्यातला रस संपतो, आणि पुढे प्राणिप्रेमींच्या हातून हातांत जात एखादे कुत्रे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या घरात येऊन पोचते. साधारण दोन ते पाच वर्षांच्या वयात निवृत्त होणाऱ्या या कुत्र्याचे आयुष्य दहा ते चौदा वर्षांचे असते. म्हणजे ज्याला लोक "संपलेले" म्हणतात, त्याचे अर्ध्याहून अधिक आयुष्य अजून उरलेले असते.

बरगड्या पाहून ताट भरणे

निरोगी ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, कंबर आत ओढलेली असते आणि मांड्या मात्र भरलेल्या असतात. ही त्याची ठेवणच आहे. निवृत्तीनंतर शर्यतीच्या वजनापेक्षा एखाद-दोन किलो वाढले तर ते योग्यच असते, परंतु लोकांच्या बोलण्याला कंटाळून त्याला गोलमटोल करण्याचा प्रयत्न केल्यास त्या बारीक, लांब पायांवर नको तितका भार पडतो. बरगड्यांबरोबर पाठीचा कणाही करवतीसारखा वर आला असेल आणि मांड्या वाळलेल्या असतील, तर मात्र तो खरोखर उपाशी आहे किंवा त्याच्या पोटात जंत आहेत असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

आहाराची चूक दोन्ही टोकांना होते. निव्वळ दूध-भाकरीवर या कुत्र्याचे स्नायू टिकत नाहीत, आणि आपल्या घरच्या रश्श्यात कालवलेली भाकरी त्याहून वाईट, कारण खानदेशी काळ्या मसाल्याच्या वाटणात भाजलेला कांदा आणि लसूण असतोच आणि हे दोन्ही पदार्थ कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. बिनमसाल्याचे, हाडे काढलेले उकडलेले चिकन, अंडी, भात आणि चांगल्या प्रतीचे कोरडे खाद्य असा आहार आठवडाभरात हळूहळू बदलत न्यावा. छाती खोल असल्यामुळे या जातीत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून दिवसाचे खाणे दोन वेळांत विभागून द्यावे आणि खाल्ल्यावर तासभर तरी त्याला धावू देऊ नये. पोट ढोलासारखे फुगले आहे, कुत्रे ओकारी काढते आहे पण काहीच बाहेर पडत नाही, असे दिसल्यास सकाळपर्यंत वाट पाहणे हीच प्राणघातक चूक ठरते.

"धावणारे कुत्रे आहे, धावू द्या"

नव्या पालकाला वाटते की या कुत्र्याला रोज शेतात मोकळे सोडले पाहिजे. प्रत्यक्षात ग्रेहाउंड दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो आणि पट्ट्याने बांधून सकाळ-संध्याकाळ घडवलेली वीस-तीस मिनिटांची फेरी त्याला पुरते. मोकळे सोडण्यातला धोका त्याच्या डोळ्यांत आहे. तो वासाने नव्हे, नजरेने शिकार करणारा प्राणी आहे. लांबवर काही हलताना दिसले की काही ढांगांतच तो ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो आणि त्या क्षणी तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. वाटेत काटेरी तारेचे कुंपण असते, विहीर असते, बाभळीच्या काटेरी फांद्या असतात. त्याची कातडी इतकी पातळ असते की गावठी कुत्र्याला जिथे ओरखडा उठला असता, तिथे याची कातडी वितभर फाटते.

याच कारणाने लांब सुटत जाणारी दोरी वापरू नये. पाच मीटरच्या दोरीच्या टोकाला तो पूर्ण वेगात पोचला, तर मानेला बसणारा हिसका मोडतोड करू शकतो, आणि तुमचा हात निखळतो तो वेगळाच. साधा बकलाचा पट्टाही चालत नाही, कारण ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि मागे सरकला की पट्टा कानांवरून सहज निघून येतो. ओढल्यावर ठराविक मर्यादेपर्यंतच आवळणारा, रुंद कापडी मार्टिंगेल पट्टा मागवून घ्यावा.

वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा इथे विसरता येत नाही. कुत्र्याला सशामागे सोडून "गंमत" पाहणे हा गुन्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत असे आमंत्रण हमखास येते. "तुमचं शर्यतीचं कुत्रं आना ना आमच्याकडे" म्हणणाऱ्यांना नम्रपणे, पण ठाम नकार द्यावा. घरच्या कोंबड्या, मांजर, शेळीची करडे यांच्याशी ओळख नेहमी पट्ट्याला धरून आणि तोंडाला जाळी बांधून करून द्यावी. काही ग्रेहाउंड मांजराच्या शेजारी शांतपणे झोपतात, काही कधीच शिकत नाहीत, आणि घरातल्या मांजराशी जमले म्हणून शेजारच्या मांजराशी जमेलच असे नाही.

घर म्हणजे काय, हे त्याला माहीत असल्याचे गृहीत धरणे

तांबी पिंजऱ्यात आणि टेम्पोत वाढलेली होती. तिने जिना पाहिला नव्हता, आरसा पाहिला नव्हता, गुळगुळीत फरशी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर चार पाय ताठ करून पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मी ओढू लागल्यावर थरथरू लागली. तिला ओढणे हीच माझी पहिली चूक होती. फरशीवर गोणपाटाची वाट अंथरल्यावर ती दहा मिनिटांत आपणहून आत आली.

जिन्याचे प्रकरण आमच्याकडे अधिक अवघड, कारण वैशाखात खानदेशातली अर्धी घरे रात्री धाब्यावर किंवा गच्चीवर झोपतात. आम्ही वर गेलो की तांबी खाली एकटी राहून रडत असे. ग्रेहाउंड जन्मापासून इतर कुत्र्यांच्या संगतीत राहिलेला असतो, त्याला एकटेपणाची सवयच नसते. एकेका पायरीवर चिकनचा तुकडा ठेवत, मागून एकाने आधार देत, चार दिवसांत ती चढायला शिकली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की आमच्या धाब्याला कठडा नाही. ओळीतल्या घरांची धाबी एकमेकांना लागलेली, त्यांवरून मांजरे फिरणारी, आणि आमचे कुत्रे असे की मांजर दिसल्यावर पुढे जमीन आहे की नाही हे पाहणार नाही. तेव्हापासून वर ती कायम बांधलेली असते. ज्यांच्याकडे कठडा नाही, त्यांनी जिना शिकवण्याच्या आधी याचा विचार करावा.

सर्वांत जास्त गैरसमज झोपेमुळे होतो. पुष्कळ ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात. माझ्या भाच्याला वाटले ती जागी आहे, त्याने जवळ जाऊन तिच्या कानाला हात लावला आणि ती दात दाखवत गुरगुरून उठली. घरात लगेच "पिसाळलं वाटतं" अशी कुजबुज सुरू झाली. दचकून उठल्यावर असे गुरगुरणे हा या कुत्र्यांत आढळणारा प्रकार आहे, पिसाळण्याचे ते लक्षण नव्हे. त्याच्या अंथरुणाची जागा येण्याजाण्याच्या वाटेबाहेर ठेवावी, आधी नाव घेऊन उठवावे, लहान मुलांना हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. रेबीजची लस मात्र या सगळ्या समजुतीच्या आधी, कागदोपत्री नोंदीसह दिलेली असली पाहिजे.

अंथरूण जाड हवे. हाडांवर चरबीची गादी नसल्यामुळे उघड्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात. जुन्या लुगड्यांची दुपदरी गोधडी सर्वांत उत्तम.

ऊन आणि थंडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत फेरी सूर्योदयापूर्वी आणि रात्री उशिरा घडवावी. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याचा पंजाही तिथे ठेवू नये. तोंड घट्ट बांधणारी कापडी मुसकी उन्हाळ्यात वापरू नये, कारण कुत्रे धापा टाकूनच अंग गार करते. त्यासाठी तोंड उघडता येईल अशी टोपलीसारखी जाळीच हवी. उष्माघाताची शंका आल्यास अंगावर सतत पाणी ओतावे आणि पंखा लावावा. ओले पोते पांघरून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत उलट उष्णता कोंडते. पाणी ओतत असतानाच दवाखान्याची गाडी बोलवावी.

हिवाळ्याची चूक याहून सामान्य आहे, कारण खानदेशात थंडी असते हे बाहेरच्यांना पटतच नाही. धुळ्याचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो आणि चरबी व केस दोन्ही विरळ असलेले हे कुत्रे पहाटे अक्षरशः कुडकुडते. जुन्या शालीचे पोटापर्यंत झाकणारे जाकीट शिवून घेण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. मावशी हसल्या, पण टाके त्यांनीच घालून दिले.

दवाखान्यात गप्प बसणे

या भागावर मी मुद्दाम अधिक थांबणार आहे. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशींत वाकबगार असतात, ग्रेहाउंड त्यांच्यासमोर क्वचितच येतो, आणि त्यामुळे माहिती पुरवण्याची जबाबदारी पालकाची असते. तांबीच्या पहिल्या रक्ततपासणीत प्लेटलेट सव्वा लाखाच्या आसपास आल्या आणि एका ठिकाणी लगेच गोचीडतापाचे निदान होऊन महिन्याभराची औषधे लिहिली गेली. ग्रेहाउंडच्या प्लेटलेट मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा कमी असतात. तांबड्या पेशींचे प्रमाण जास्त असते, एरवी ३७ ते ५५ टक्के मानले जाणारे हे प्रमाण याच्यात ५० ते ६५ असू शकते, आणि उन्हाळ्यात ते पाहून पाणी कमी झाल्याचा निष्कर्ष काढला जातो. थायरॉइडचे टी-४ संप्रेरक कमी दिसते, मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिन थोडे जास्त दिसते. हे सगळे त्याच्यासाठी नेहमीचे असू शकते.

पण याचा अर्थ गोचीडताप नाही असे धरून बसणेही तितकेच घातक आहे. आपल्या भागात गोचिडांची कमतरता नाही आणि ग्रेहाउंडमध्ये एर्लिकिया व बबेसिया या दोन्ही जंतूंचा संसर्ग आढळतो. ताप, भूक मंदावणे, हिरड्या पांढऱ्या पडणे यांपैकी काही असेल तर रक्ताची काचपट्टी आणि त्या जंतूंची स्वतंत्र चाचणी करून घ्यावी. उत्तम उपाय असा की कुत्रे धडधाकट असतानाच एकदा संपूर्ण रक्ततपासणी करून तो अहवाल फाइलला लावून ठेवावा, म्हणजे पुढच्या आजारपणात तुलना त्याची त्याच्याशीच होते.

गोचीड काढण्यासाठी कपाशीच्या फवारणीतले किंवा गुरांसाठी आणलेले सायपरमेथ्रिन अंदाजाने पाण्यात मिसळून चोळण्याचा प्रकार गावोगाव चालतो. कमी चरबी आणि पातळ कातडी असलेल्या या कुत्र्याच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो. वजनाप्रमाणे कुत्र्यासाठीच बनवलेले औषध डॉक्टरांकडून घ्यावे.

नसबंदी किंवा दात काढण्यासाठी भूल देण्याची वेळ आली, तर थायोपेंटोन वापरू नये अशी विनंती आधीच करावी. ग्रेहाउंडचे यकृत हे औषध फार सावकाश निकामी करते आणि कुत्रे तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. काही ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो. त्यामुळे "टाके छान आहेत" म्हणून त्याच दिवशी शंभर किलोमीटर प्रवास करून घरी जाऊ नये. निदान तीन दिवस जखमेभोवती निळसर सूज पसरते आहे का, यावर लक्ष ठेवावे. लंगडण्याकडेही दुर्लक्ष नको. तळव्यातले कुरूप असेल तर ते साधे दुखणे असते, पण वयस्कर ग्रेहाउंडमध्ये हाडाचा कर्करोग तुलनेने अधिक आढळतो, म्हणून दोन आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या लंगडेपणाचा एक्स-रे काढावाच.

फोस्टर न करता थेट दत्तक, आणि कागद न घेता ताबा

परदेशातील मार्गदर्शन वाचून तयारी करणाऱ्यांची इथे गफलत होते. तिकडच्या कुत्र्याच्या कानावर गोंदण किंवा कातडीखाली चिप असते आणि त्याची जन्मतारीख, शर्यती, दुखापती हे सगळे नोंदलेले असते. अमेरिकेतील फ्लोरिडात २०१८ च्या मतदानाने २०२० अखेर शर्यती बंद झाल्या, तेव्हा तिथली कुत्री अशा नोंदींसह घरोघर गेली. आपल्याकडे आलेल्या कुत्र्याचा भूतकाळ बहुधा तोंडी असतो आणि तोही सोयीप्रमाणे सांगितलेला असतो. त्यामुळे आधी सहा ते आठ आठवडे फोस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरता सांभाळ म्हणून, त्याला ठेवणे शहाणपणाचे आहे. पहिल्या पंधरा दिवसांत दिसणारा गरीब स्वभाव बऱ्याचदा भीतीमुळे असतो, खरा स्वभाव त्यानंतर उघड होतो. फोस्टर करताना औषधांचा खर्च कोणाचा, कुत्रे न जमल्यास परत कोण घेणार, हे दोन मुद्दे लिहून घ्यावेत.

कायम दत्तक घेताना जुन्या मालकाची सही असलेला हस्तांतरणाचा कागद, लसीकरणाचे कार्ड आणि नसबंदीचा दाखला मागावा. तांबीच्या बाबतीत मी हा कागद घेतला नव्हता. ती धष्टपुष्ट झाल्याचे कळल्यावर पाचव्या महिन्यात एक गृहस्थ "पिल्लांसाठी एकदाच न्यायची आहे" म्हणत दारात उभे राहिले. नसबंदीचे टाके त्याच आठवड्यात काढलेले होते, ते त्यांना दाखवले, तेव्हा ते चहाही न घेता परत गेले.