फराळाच्या ऑर्डरी फोनवर घेताना

घरी चकली, चिवडा, लाडू करून विकणाऱ्यांचं दिवाळीतलं मोठं नुकसान फोनपाशी होतं. कुणाची ऑर्डर चॅटच्या ढिगात खाली जाते, कुणाला गेल्या वर्षीचा भाव सांगितला जातो, कुणाच्या पैशांचा हिशेबच लागत नाही. इन्स्टाग्रामवर फॉलोअर वाढवायच्या मागे लागण्याआधी ही घडी नीट बसवा. मागणी वाढली की गोंधळही तेवढ्याच पटीनं वाढतो.

नंबर आणि कॅटलॉग

व्यवसायाला वेगळं सिम घ्या. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे, पण एकाच नंबरावर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस दोन्ही चालत नाहीत. घरचा नंबर तिकडे वळवला की माहेरच्या ग्रुपमधले निरोप आणि ऑर्डरी एकाच यादीत येतात. नव्या सिमचं रिचार्ज मात्र चुकवू नका. नंबर बराच काळ बंद पडला की कंपनी तो दुसऱ्याला देते आणि तुमचं सगळं गिऱ्हाईक त्याच्याकडे चौकशी करत बसतं. ॲप सुरू केल्याबरोबर सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावा आणि चॅटचा रोजचा बॅकअप चालू करा.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या फोटो-भावाच्या यादीत, 500 पर्यंत वस्तू मावतात, पण घरगुती फराळाला दहा-बारा पुरतात. नावातच वजन लिहा: ‘भाजणी चकली, 500 ग्रॅम’. खाली भाव, साधारण किती नग बसतात, कोणतं तेल किंवा तूप, किती दिवस टिकते आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी क्रमांक. (नोंदणी ‘फॉस्कॉस’ संकेतस्थळावर होते, ती झाल्याशिवाय पहिली ऑर्डरसुद्धा घेऊ नका.) ‘भावासाठी मेसेज करा’ असं कधीही लिहू नका. भाव विचारायला संकोचणारी माणसं पुष्कळ असतात, ती गुपचूप दुसरीकडे जातात. 250 ग्रॅमचं पाकीट यादीत जरूर ठेवा, नवं गिऱ्हाईक आधी तेच मागवतं.

फोटो

आधी फोनची लेन्स पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा हात लागलेला असतोच, आणि फोटो धुरकट येण्याचं निम्मं कारण तेच. चकली पिवळ्या दिव्याखाली काढली तर जळल्यासारखी तांबूस दिसते. सकाळी खिडकीशेजारी, ऊन थेट पडत नसेल अशा जागी स्टीलचं ताट ठेवा, घरातले दिवे आणि फ्लॅश बंद करा, प्रकाश एका बाजूनं येऊ द्या. एक चकली मोडून तिची पोकळ नळी समोर दिसेल अशी ठेवा. भाजणी नीट जमलीय हे गिऱ्हाइकाला त्या एका तुकड्यातून कळतं. लाडवाचाही एक फोडून ठेवा, आतला रवाळपणा दिसला पाहिजे.

रीलसाठी फोन उभा धरा. 15 ते 20 सेकंद पुरे. सुरुवातीलाच चकली मोडतानाचा आवाज, मग सोऱ्यातून पडणारा वेढा, मग तळणीतले बुडबुडे, शेवटी भरलेलं पाकीट आणि भाव. मोडतानाचा खरा आवाज गाण्याखाली दाबू नका. इंटरनेटवरून उचललेले फोटो तर अजिबात वापरू नका. पाकीट उघडल्यावर फरक लगेच दिसतो आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही.

ऑर्डर घेणं

ॲपमध्ये ‘क्विक रिप्लाय’ तयार करा. तिरकी रेघ आणि ठरवलेला शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर समोर येतो. मजकूर असा: नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, काय आणि किती, कोणत्या तारखेला हवं. उत्तर आलं की ऑर्डर एकूण रकमेसह पुन्हा लिहून पाठवा आणि ‘बरोबर’ असा होकार घ्या. फोनवर बोलून ठरलेली ऑर्डरही अशीच लिहून पाठवा. अर्धा किलो की एक किलो हे भांडण नंतर होत नाही. प्रत्येक चॅटला लेबल लावा: नवी ऑर्डर, पैसे बाकी, पैसे आले, पाठवलं. चार लेबलांत काम भागतं.

रोज रात्री त्या दिवसाच्या ऑर्डरी गूगल शीटमध्ये उतरवा. एका ओळीत एकच पदार्थ, म्हणजे एका घरची चार पदार्थांची ऑर्डर चार ओळींत. अशी मांडणी असली की ‘चकली’ गाळून किलोंची बेरीज लगेच दिसते आणि भाजणी किती दळायची ते कळतं. सगळं एकाच चौकटीत लिहिलंत तर बेरीज बोटांवर करावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या कढईवर एक किलो चकली व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोजा. 50 मिनिटं लागत असतील तर सहा तासांत सात किलो होतील, पण बुकिंग सहा किलोंचंच घ्या. वीज जाते, भाजणीत कमी-जास्त होतं. दिवस भरला की शीटमधली ती तारीख रंगवा आणि स्टेटसवर ‘या तारखेचं बुकिंग पूर्ण’ असं टाका. नाही म्हणताना पुढची मोकळी तारीख सांगा. होकार देऊन उशीर करणं फार महागात पडतं, कारण लक्ष्मीपूजनानंतर पोचलेला फराळ कुणालाच नको असतो.

दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस मिळतात. भावांची यादी घटस्थापनेला बाहेर पडावी आणि परगावच्या ऑर्डरी कोजागिरीला बंद व्हाव्यात. परदेशी पार्सलं याच्याही आधीची.

निरोप पोचतात कुणाला?

एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवणाऱ्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. ‘मी सगळ्यांना पाठवलं, कुणी उत्तरच दिलं नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. म्हणून प्रत्येक पाकिटात छोटं कार्ड टाका: नाव, ॲपमधला क्यूआर कोड आणि ‘नंबर सेव्ह करा, पुढची यादी मिळेल’. सोसायटीच्या ग्रुपमधून अनोळखी नंबर उचलून निरोप पाठवू नका. चारजणांनी रिपोर्ट केलं तर ऐन हंगामात खातं बंद होऊ शकतं. हंगामात आठवड्याला दोन निरोप, एरवी महिन्याला एक.

गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढताना घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देता ते भाग दाखवता येतात, जास्तीत जास्त 20. अट अशी, की गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडायला हवी. तुम्ही घरपोच देत असाल तर चालतं, फक्त कुरिअरनं पाठवत असाल तर नाही. नावात ‘उत्तम स्वस्त फराळ’ अशी शेपटं जोडू नका, प्रोफाइल थांबवलं जाऊ शकतं. सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू मागणंही नियमाबाहेर आहे. पार्सल पोचल्यावर दोन दिवसांनी लिंक पाठवून साधेपणानं विचारा.

जाहिरातीचं गणित पाटीवर मांडा. 900 रुपये खर्चून सहा ऑर्डरी आल्या तर एका ऑर्डरीमागे 150 रुपये गेले. ऑर्डरीत नफा 120 असेल तर पहिल्या फेरीत तोटाच आहे, आणि ती सहा घरं परत मागवतील तरच पैसे वसूल होतील. जाहिरात दाखवायचा परिसर तुमची माणसं पोचवू शकतील तेवढाच ठेवा.

पैसे आणि पार्सल

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, तो बनवता येतो. स्वतःच्या बँक खात्यात रक्कम दिसली की मगच पाकीट बांधा. मोठी ऑर्डर देऊन ‘हा क्यूआर स्कॅन करा, ॲडव्हान्स जमा होईल’ म्हणणारा फसवतो आहे: पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कुरिअरचा भाव सांगण्याआधी खोका मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार 5000 ने भागून वजन धरतात. 40 × 30 × 25 चा खोका सहा किलोंचा ठरतो, आत चार किलोच फराळ असला तरी. चिवडा हलका आणि पसरट, म्हणून याचा फटका त्यालाच जास्त बसतो. चकल्या पूर्ण गार झाल्यावरच कडक डब्यात भरा, नाहीतर वाफ धरून मऊ पडतात. थराथरात बटर पेपर घाला. डब्याभोवतीच्या मोकळ्या जागेत चिवड्याची पाकिटं दाबून बसवा. खोका बंद करून कानाशी हलवा. आत काही हललं तर उघडा आणि कागद भरा. शेवटी पावतीचा फोटो त्याच गिऱ्हाइकाच्या चॅटमध्ये पाठवून लेबल ‘पाठवलं’ असं बदला.