वरच्या मजल्यावर वायफाय: जुन्या राउटरचा अ‍ॅक्सेस पॉइंट कसा करायचा

खालच्या हॉलमध्ये फायबरचा बॉक्स असतो, तिथे स्पीड पुरेपूर मिळतो, आणि जिना चढून वर गेलं की फोनवर एकच कांडी उरते. यात बॉक्सचा दोष नाही. मध्ये आरसीसी स्लॅब आहे, त्यात सळयांची जाळी आहे, आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून जेमतेम पार होतो. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीही असाच सिग्नल खातात. मग लोक रिपीटर आणतात. तो सॉकेटमध्ये खोचला की फोनवर सगळ्या कांड्या दिसतात, पण त्या फोन ते रिपीटर एवढ्याच अंतराच्या. रिपीटरला खालून जो अशक्त सिग्नल मिळतो तोच तो पुढे देतो, आणि घेणं-देणं एकाच रेडिओवर होत असेल तर उरलेला वेगही साधारण निम्मा होतो.

पक्का उपाय एकच: वरपर्यंत लॅनची केबल न्यायची आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट वायफायवर देणारा डबा) लावायचा. त्यासाठी नवा डबा घ्यायलाच हवा असं नाही, कपाटात पडलेला जुना राउटर चालतो. फक्त त्याला ५ गिगाहर्ट्झ आहे ना आणि त्याचे पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत ना, हे बघून घ्या. पोर्ट १०/१०० चे असतील तर कितीही मोठा प्लॅन असला तरी वर ९४-९५ एमबीपीएसच्या पुढे काही मिळणार नाही. शंभरच्या आतला प्लॅन असेल तर तेही चालून जातं. पैसे घालायचेच तर केबलमध्ये घाला. डबा कधीही बदलता येतो, भिंतीतली केबल बदलायला भिंत फोडावी लागते.

केबल

कॅट-६, शुद्ध तांब्याची, अखंड तारेची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास कॅट-६ म्हणून विकली जाते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडून बघा: आतून चंदेरी दिसली तर परत द्या, तांबं आतपर्यंत लालसरच असतं. मुलाम्याची तार वाकवल्यावर लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज घेणारा अ‍ॅक्सेस पॉइंट पुढेमागे लावलात तर गरमही होते. लांबी मोजताना जिन्याचं वळण धरा आणि दोन्ही टोकांना मीटरभर जास्त ठेवा. मर्यादा १०० मीटरची आहे, घरात ती कधी आड येत नाही.

केबल लाइटच्या पाइपमधून ओढू नका. २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपात लॅनची केबल टाकणं धोक्याचं आहे, शिवाय सिग्नलमध्ये चुका वाढतात. वेगळा २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाका किंवा केसिंग पट्टीतून न्या. लाइटच्या वायरिंगला समांतर जात असेल तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. वळणावर केबल इंचभर त्रिज्येपेक्षा कमी दुमडू नका. प्लग लावूनच केबल ओढायचा मोह होतो, तो टाळा. प्लगचं डोकं पाइपच्या पहिल्याच बेंडमध्ये अडकतं आणि क्लिप मोडते. आधी केबल ओढा, मग क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून प्लग बसवा.

क्रिम्प करताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. प्लगची क्लिप खाली आणि तारा आत घालायचं तोंड आपल्याकडे ठेवलं की डावीकडून उजवीकडे क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी मधोमध आणि हिरव्याची तिच्या दोन बाजूंना, इथेच हात चुकतो. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं प्लास्टिकचं आवरण प्लगच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे क्रिम्पिंगची पक्कड दाबल्यावर पकड आवरणावर बसते. नुसत्या तारांवर बसली तर थोड्याच दिवसांत केबल प्लगमधून निघून येते. प्लगही कॅट-६चेच घ्या, कारण कॅट-६ची तार जाड असते आणि साध्या प्लगच्या खाचेत नीट शिरत नाही.

केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. टेस्टर नसेल तर लॅपटॉप जोडून लिंकचा वेग बघा. गिगाबिट पोर्ट असूनही १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर आठांपैकी एखादी तार बसलेली नाही. १, २, ३ आणि ६ या चार तारांवर शंभरचा लिंक जुळतो, त्यामुळे नेट चालतं आणि चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही.

सेटिंग

जुना राउटर अजून मुख्य बॉक्सला (खालच्या फायबरच्या) जोडू नका. आधी मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे जुनी सेटिंग्ज पुसली जातात. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा (कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून) आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला.

ऑपरेशन मोडमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट' असा पर्याय असेल तर तोच निवडा, वायफायचं नाव-पासवर्ड भरा आणि सेव्ह करा. या मोडमध्ये खालून आलेली केबल बहुतेक राउटरांच्या वॅन पोर्टलाही (बाहेरून नेट घ्यायचा पोर्ट) चालते. बाकीचं काम राउटर स्वतः करतो.

हा पर्याय नसेल तर तीन गोष्टी हाताने करायच्या, आणि याच क्रमाने. पहिली, वायफायचं नाव आणि पासवर्ड. दुसरी, राउटरचा स्वतःचा पत्ता. फोनमध्ये खालच्या वायफायच्या तपशिलात 'गेटवे' (मुख्य बॉक्सचा पत्ता) बघा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या बॉक्सला १९२.१६८.२९.१. जुन्या राउटरला पहिले तीन आकडे तेच द्या आणि शेवटचा वेगळा, म्हणजे १९२.१६८.१.२ किंवा १९२.१६८.२९.२. हा आकडा मुख्य बॉक्स फोनना जे पत्ते वाटतो त्यांच्या बाहेरचा हवा. मुख्य बॉक्स २ पासूनच वाटत असेल तर तिथली सुरुवात १० वर न्या, किंवा यादीच्या शेवटानंतरचा एखादा आकडा निवडा. तिसरी आणि शेवटची गोष्ट, नव्या पत्त्यावर सेटिंगचं पान परत उघडून डीएचसीपी सर्व्हर (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारा भाग) बंद करा. हे आधी केलंत तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि सेटिंगच्या पानावर परत जाता येत नाही.

आता खालून आलेली केबल जुन्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडा. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या आणि त्यावर चिकटपट्टी लावा. पुढे कोणी साफसफाई करताना केबल काढून परत लावेल, तेव्हा तीच चिकटपट्टी उपयोगी पडते.

चुकतं कुठे

डीएचसीपी चालू राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात. काही फोनना मुख्य बॉक्सचा गेटवे मिळतो, काहींना जुन्या राउटरचा, आणि दुसऱ्या गटात 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही' असं दिसतं. हा त्रास खालच्या मजल्यावरही होतो, आणि कधी होतो कधी नाही, म्हणून लोक कंपनीला फोन करत बसतात.

राउटर मोडमध्येच केबल वॅनला लावली तर नेट चालतं, पण वरचं नेटवर्क वेगळं पडतं. मग वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर कास्ट होत नाही आणि प्रिंटर सापडत नाही.

मुख्य बॉक्स आणि अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये दोन केबल कधीही लावू नका. एकच निरोप वर्तुळात फिरत राहतो आणि सगळ्या घराचं नेट बसतं.

वायफाय जुळवणं

खाली-वर नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सारखाच ठेवा: डब्ल्यूपीए२, एईएस. एईएसऐवजी टीकेआयपी निवडलंत तर वेग ५४ एमबीपीएसवर अडतो. चॅनेल मात्र वेगवेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा खाली १ तर वर ६ किंवा ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर खाली ३६, वर १४९, रुंदी ८०. मधले ५२ ते १४४ चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि तेवढ्यात व्हिडिओ कॉल तुटतो.

खालून वर गेल्यावर कोणत्या डब्याला चिकटायचं हे फोन ठरवतो. वर जाऊनही तो खालचाच अशक्त सिग्नल धरून बसत असेल तर दोन्ही डब्यांवर २.४ गिगाहर्ट्झची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) मध्यम करा. सगळीकडे जोर कमाल ठेवणं हे चांगलं सेटिंग नव्हे.

डबा पॅसेजमध्ये उंचावर लावा. लोखंडी कपाटामागे, आरशामागे किंवा टीव्हीच्या युनिटमध्ये कोंबू नका. वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घेऊन खोल्यांतून फिरा: उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगलं असेल तर काम झालं, उणे ७५ पेक्षा अशक्त असेल तर जागा बदला.

लाइट जाते तिथे दोन्ही डब्यांना मिनी यूपीएस द्या. आधी प्रत्येक अ‍ॅडॅप्टरवरचा व्होल्ट वाचा. फायबरचा बॉक्स बहुधा १२ व्होल्टचा असतो, जुना राउटर ९ किंवा ५ चाही असू शकतो, आणि १२ ची पिन ९ व्होल्टच्या डब्यात घातली तर डबा जळू शकतो.

अंगणापलीकडच्या खोलीत किंवा शेजारच्या घरात वायफाय न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. पावसाळ्यात जवळपास वीज पडली की केबलमध्ये विजेचा दाब चढतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. तिथे फायबरची तयार केबल आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची केबल जोडणारे डबे) लावा. काचेतून वीज जात नाही. फक्त केबलच्या आधाराला धातूची तार नसलेला प्रकार मागून घ्या.