ओट्यावरची मातीविना बाग: इंदूरच्या भाड्याच्या घरासाठी

भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुंड्या ठेवणे फारसे सोयीचे नसते. झिरपलेल्या पाण्याचे डाग खालच्या मजल्यावरच्या छतावर उतरतात, कठड्याला आकडे ठोकू दिले जात नाहीत, आणि बाल्कनी पश्चिमेची असली तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर रोपे होरपळून जातात. अशा घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर मावणारी जलशेतीची, म्हणजे मातीऐवजी खत मिसळलेल्या पाण्यात रोपे वाढवण्याची, छोटी पेटी हा उत्तम मार्ग आहे. तिला भिंतीत एक खिळाही लागत नाही, आणि घर बदलताना पाणी ओतून ती काखोटीला मारून नेता येते. मात्र अशा पेट्यांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत वर्षभर सारखीच राहणारी थंड खोली आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, पाणी गृहीत धरलेले असते, आणि इंदुरात या दोन्ही गोष्टींचा भरवसा नसतो. म्हणून पेटी कोणत्या कंपनीची घ्यावी यावर डोके खपवण्याआधी आपल्या नळाला कोणते पाणी येते आणि सध्या कोणता महिना चालू आहे हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पेटी आणि तिची जागा

बाजारातल्या पेटीत सहसा ३ ते ५ लिटरची टाकी, जाळीदार पेल्यांसाठी भोके पाडलेले झाकण, वर एलईडी दिव्यांची पट्टी आणि पाणी फिरवणारा लहानसा पंप असतो. पंपावाचूनही काम भागते. हवाई विद्यापीठातील बी. ए. क्रॅट्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत अपारदर्शक डबा एकदाच भरतात. रोप पाणी पीत जाते तशी पातळी उतरते आणि वर उघड्या पडलेल्या मुळ्या हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. असा डबा मध्येच पुन्हा काठोकाठ भरू नये, कारण हवेला सरावलेल्या मुळ्या बुडाल्या की रोप गुदमरते. जिथे वीज वरचेवर जाते तिथे मी हीच पद्धत सुचवेन.

पेटी शेगडीपासून शक्य तितकी दूर ठेवावी. शेगडीची आच आणि फोडणीचा तेलकट धूर पानांवर व दिव्यांवर बसतो, आणि चिकट झालेला दिवा कमी उजेड देतो. पेटीखाली एखादी परात किंवा उथळ ट्रे ठेवला म्हणजे सांडलेले पाणी ओट्यावरून ट्रॉलीच्या प्लायवुडमध्ये मुरत नाही. अनामत रकमेतून कापले जाणारे पैसे बहुधा अशाच फुगलेल्या प्लायवुडचे असतात. दिव्याची वायर थेट सॉकेटकडे न नेता आधी सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब झोळाशीच गळून पडतो. विजेच्या खर्चाची धास्ती घेण्याचे कारण नाही: २४ वॉटचा दिवा रोज १४ तास लावला तरी महिन्याला सुमारे १० युनिटच होतात.

पाणी

इंदुरात जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे पाणी आणि इमारतीच्या बोरिंगचे पाणी, अशी दोन पाणी बहुतेक घरांत येतात, आणि अनेक इमारतींत ती गच्चीवरच्या टाकीत एकत्र होतात. बोरिंगचे पाणी काळ्या पाषाणातून येते आणि त्यात क्षार जास्त असतात. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी जमणारा पांढरा थर हीच त्याची खूण. माणसाला ते चालते. पाच लिटरच्या टाकीतल्या रोपाला मात्र दोन प्रकारे जड जाते. एक तर खत घालण्याआधीच पाणी क्षारांनी भरलेले असते, त्यामुळे खताला जागा उरत नाही. दुसरे, त्यातले बायकार्बोनेट पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) वर ढकलत राहते, आणि पीएच ७ च्या वर गेला की पाण्यात लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. मग नवी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे चिन्ह दिसताच लोक घाईने आणखी खत घालतात. वास्तविक तिथे पीएच उतरवण्याची गरज असते.

त्यासाठी खिशात मावणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणारा मीटर आणि पीएच तपासण्याच्या थेंबांची बाटली, एवढी दोन साधने आवश्यक आहेत. आधी नुसत्या नळाच्या पाण्याचा टीडीएस पाहावा. तो २०० च्या आत असेल तर पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे त्यातला बराचसा क्लोरीन उडून जातो, आणि सकाळी तेच वापरावे. आकडा ४००-५०० किंवा त्याहून वर असेल तर पिण्याच्या आरओचे पाणी त्यात मिसळून तो २०० च्या आसपास आणावा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारे पाणी मात्र कधीही वापरू नये, कारण काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशी पुसायला ठेवावे. नुसते आरओचे पाणी घेतल्यास त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नावालाच असते, तेव्हा ही दोन्ही पुरवणारे खत घ्यावे.

खत जलशेतीसाठीच बनवलेले, अ आणि ब अशा दोन बाटल्यांचे घ्यावे. कॅल्शियम एका बाटलीत आणि सल्फेट-फॉस्फेट दुसऱ्या बाटलीत असण्याचे कारण असे की दाट द्रावणात ती एकत्र आली तर त्यांचा न विरघळणारा गाळ होतो आणि रोपाच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून आधी अ पाण्यात घालून नीट ढवळावे, मगच ब घालावे. दोन्ही एकाच चमच्यात घेऊ नयेत. बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्यावर ते हळूहळू वाढवावे. घरगुती मीटरवर ५०० ते ८०० हा आकडा बहुतेक सुगंधी पाल्यांना मानवतो. खतानंतर पीएच पाहावा आणि तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान आणावा. यासाठी मिळणारे आम्ल थेंबाथेंबाने पाण्यात घालावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. लिंबूसत्त्वानेही पीएच उतरतो, परंतु काही दिवसांत तो पुन्हा चढतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम करून कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, आणि या शहरातल्या माणसाला तिचा अभिमान वाटणे योग्यच आहे. त्या अभिमानापोटी कंपोस्टचा अर्क किंवा शेणपाणी या टाकीत मात्र घालू नये. सेंद्रिय खतातील अन्न रोपाला मिळते ते मातीतल्या सूक्ष्मजीवांनी फोडून दिल्यावर. टाकीत ती माती नाही, त्यामुळे तिथे ते नुसते कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपवते. यूरियाही याच कारणाने निरुपयोगी ठरतो.

ऋतू

पाणी जितके गरम, तितका त्यात कमी प्राणवायू विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्यातच मुळ्या कुजवणारी बुरशी कोमट पाण्यात झपाट्याने वाढते. त्यामुळे उन्हाळ्यात कोथिंबिरीचा हट्ट धरू नये. उष्णता आणि लांब दिवस, दोन्हींमुळे ती पाला धरण्याआधीच फुलोऱ्यावर येते. नवरात्र आटोपले की जानेवारीअखेरपर्यंत कोथिंबीर, मेथी आणि पार्सली लावावी. होळीपासून पुढे पुदिना, बेसिल आणि पानओवा ठेवावा. कोथिंबिरीला दिवा १२ तास पुरे, बाकीच्यांना १४ तास द्यावा.

शब-ए-मालवाची, म्हणजे मालव्याच्या गार रात्रींची, ख्याती इथे उपयोगी पडते. उन्हाळ्यात दिवा संध्याकाळी सातला लावून सकाळी नऊला बंद होईल असा टायमर लावावा, म्हणजे दिव्याची ऊब दुपारच्या उष्म्यात भर घालत नाही आणि रोपांचा दिवस मालव्याच्या गार रात्री उगवतो. मे महिन्यात पेटी स्वयंपाकघरातून उचलून घरातल्या सर्वांत गार खोलीत न्यावी.

धणे पेरताना बाजारातला ताजा, न भाजलेला धणा घ्यावा. एका धण्यात दोन बिया असतात, म्हणून पोळपाटावर ठेवून लाटणे हलक्या हाताने फिरवावे. धणा कट्कन दोन फाकांत उघडला पाहिजे, त्याचा चुरा होता कामा नये. या फाका रात्रभर भिजवून ओल्या स्पंजच्या चिरेत चार-पाच घालाव्यात. कोंब दिसायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर स्पंज ओलसर ठेवावा आणि रोपे वर येताच दिवा दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणावा. दिवा दूर राहिला तर रोपे उजेडाकडे ताणून दोऱ्यासारखी लांब होतात आणि आडवी पडतात.

पुदिन्याला बी शोधण्याची गरज नाही. भाजीवाल्याकडच्या जुडीतून पेन्सिलीपेक्षा थोड्या बारीक, टणक काड्या निवडाव्यात. पेऱ्यापाशी पांढरे ठिपके उमटलेले असले तर उत्तमच, कारण तिथूनच मुळ्या फुटणार असतात. पेऱ्याच्या लगेच खाली काप घेऊन तळची पाने काढावीत आणि काडी साध्या पाण्यात उभी करून एक दिवसाआड पाणी बदलावे. आठवडा-दहा दिवसांत मुळ्या बोटभर होतात, मग काडी पेल्यात बसवावी. पुदिन्याला वेगळा डबा द्यावा, नाहीतर त्याच्या मुळ्या शेजाऱ्यांना वेढतात आणि पंपात शिरतात.

रोजची निगा

मधल्या दिवसांत पंपाच्या टाकीत फक्त साधे पाणी भरावे आणि दर दोन आठवड्यांनी ती पूर्ण रिकामी करून नवे द्रावण घालावे. झाकण उचलून मुळ्या पाहण्याची सवय ठेवावी: पांढऱ्या किंवा दुधाळ मुळ्या निरोगी असतात, तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणाऱ्या मुळ्या कुजत असतात. कुजकी मुळी कापून टाकी घासावी आणि पाणी गार राहील अशी सोय करावी. टाकीत हिरवे शेवाळ दिसले तर कुठून तरी उजेड आत शिरतो आहे असे समजावे.

रिकामी भोके उघडी ठेवू नयेत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि ओट्यावरची टाकी ही त्याला आयती जागा आहे. भोकांवर टोप्या बसवाव्यात किंवा फॉइल गच्च लावावी. पावसाळ्यात याकडे रोज लक्ष द्यावे.

बेसिल आणि पुदिन्याचा शेंडा पानांच्या जोडीच्या वर खुडावा, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात. कोथिंबिरीचे बाहेरचे दांडे घ्यावेत आणि मधला कोंब ठेवावा. एका वेळी रोपाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त खुडू नये. मावा पडला तर रोप उचलून नळाखाली पाने धुवावीत. जो पाला चटणीत जायचा आहे त्यावर कीटकनाशक मारू नये.

काढून टाकलेल्या द्रावणात तितकेच साधे पाणी मिसळून ते इमारतीच्या बागेतल्या झाडांना घालावे. हंगाम संपल्यावर टाकीतला पांढरा थर व्हिनेगरने सुटतो; त्यात ब्लीच मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. मुळ्या आणि पाला ओल्या कचऱ्यात, स्पंज सुक्यात आणि निकामी झालेला दिवा किंवा पंप ई-कचऱ्याच्या डब्यात टाकावा. सकाळची कचरागाडी ही सगळी वर्गवारी वेगवेगळी घेते.