मोरीचा वास येतोय कुठून?

फिनेल ओतण्याआधी वासाचा उगम शोधा. रात्री घरातल्या प्रत्येक जाळीवर प्लास्टिकची पिशवी पसरून वर ओलं फडकं दाबा. सकाळी एकेक उघडून हुंगा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागात) साठलेलं पाणीच गटाराचा वायू अडवतं. कमी वापराच्या मोरीत किंवा घर बंद असताना ते आटतं. तिथे बादलीभर पाणी ओता. वास जाऊन दोन-तीन दिवसांतच परतला, तर ट्रॅप गळतोय का ते प्लंबरकडून तपासून घ्या.

स्वयंपाकघरात मात्र आधी सिंकखाली वाका. सिंकचा लवचीक पाइप बऱ्याचदा सांडपाण्याच्या भोकात नुसता खोचलेला असतो (काम उरकायची घाई, दुसरं काय!) आणि भोवतालच्या फटीतून वास येतो. तिथे रबरी रिंग बसवा. वॉशिंग मशीनच्या पाइपचंही तेच.