‘टुव्हिक्स’ पोरांना दाखवायचा असेल तर

सत्तावीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. संमतीपत्रावर सही बघितल्याशिवाय ट्रॉली आत घ्यायची नाही, ही सवय आता हाडात मुरली आहे. त्यामुळे ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अंतराळातल्या मालिकेतला ‘टुव्हिक्स’ हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्क टीव्हीशी भांडले होते. आता मे महिन्यात भाचरं राहायला आली की त्यांना तो मुद्दाम दाखवते. दोन-तीनदा फसल्यावर जमलेली रीत सांगते.

आधी वय बघा. बारा-तेराच्या आतल्यांना नको. रक्त नाही, मारामारी नाही, पण शेवटी एक धडधाकट माणूस ‘मला मरायचं नाही’ म्हणून विनवत राहतो. धाकटा भाचा त्या रात्री माझ्या कुशीत येऊन झोपला. सकाळी बहिणीने फोनवर मला जे ऐकवलं, ते जाऊ दे.

दुसऱ्या सीझनचा 24वा भाग, 1996 सालचा. सुरू करण्याआधी एवढंच सांगायचं: व्हॉयेजर हे यान घरापासून 70 हजार प्रकाशवर्षं लांब भरकटलंय, जेनवे त्याची कॅप्टन. टुव्हॉक हा शिस्तीचा, भावना गिळून बसणारा, व्हल्कन या परग्रहावरच्या वंशाचा अधिकारी. नीलिक्स हा बडबड्या, सगळ्यांच्या गळ्यात पडणारा आचारी. केस ही नीलिक्सची प्रेयसी आणि टुव्हॉकची शिष्या. डॉक्टर माणूस नाही, प्रकाशाने तयार झालेला होलोग्राम आहे. बास. गोष्ट सांगू नका.

पहिला अर्धा भाग हसत-खेळत जाऊ द्या. एका ग्रहावरून फुलं घेऊन परत येताना ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या यंत्रात, घोळ होतो आणि टुव्हॉक-नीलिक्सच्या जागी एकच माणूस उतरतो, तोच टुव्हिक्स. कपडेसुद्धा दोघांचे एकमेकांत मिसळलेले! पोरं इथे खिदळतात, खिदळू द्या. टॉम राइट या नटाने दोघांच्या लकबी अशा काही एकत्र केल्यात की तो आवडायलाच लागतो. तो स्वयंपाक छान करतो, ड्यूटीही चोख करतो. पोरांना तो आवडला नाही तर पुढचं सगळं फुकट.

पहिला पॉझ कुठे? डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, आणि टुव्हिक्स म्हणतो की मला हे नकोय, तिथे. ‘तुम्ही काय केलं असतं?’ हे मात्र विचारू नका. पहिल्या वर्षी मी तीच चूक केली. थोरलीने दोन सेकंदांत हिशेब मांडला: ‘मावशी, दोन जीव जास्त की एक?’ झालं, चर्चा तिथेच आटोपली.

आता मी विचारते, ‘सही कोणाची घ्यायची?’ आमच्याकडे चीर देण्याआधी सगळे हात थांबवतात. पेशंटचं नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्याने म्हणायची. कालच आलेली सिस्टरसुद्धा ‘थांबा’ म्हणू शकते. शुद्धीवरचा पेशंट नको म्हणाला, तर नातेवाइकांच्या दहा सह्यांना अर्थ नाही. पण इथे ज्यांच्यासाठी ऑपरेशन करायचं ते दोघं बोलू शकत नाहीत, आणि ज्याच्यात त्या दोघांच्या आठवणी आहेत तो नको म्हणतोय. इथे मात्र पोरं अडखळतात.

जेनवेची बाजूही प्रामाणिकपणे मांडा. टुव्हॉकला बायको-मुलं आहेत, केसचा जीव नीलिक्ससाठी तुटतोय, आणि त्या दोघांनी दुसऱ्यासाठी जीव दिला असता असं कॅप्टनला वाटतं. तुम्ही पारडं झुकवलंत तर पोरांना लगेच कळतं.

यापुढे पॉझ नाही. नावं पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही, अगदी चहा हवा का एवढंही नाही.

मग ब्रिजवरचा, म्हणजे यान चालवतात त्या खोलीतला, शेवटचा प्रसंग पुन्हा लावा, या वेळी आवाज बंद करून. टुव्हिक्सकडे नका पाहू, बाकीच्यांकडे पाहा. तो एकेकाकडे वळून दाद मागतोय आणि एकही जण त्याची बाजू घेत नाही. आवाज असताना त्याचं बोलणंच लक्ष खातं, मुक्या चित्रात ही गप्प माणसं दिसतात. त्यानंतर दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणतो: याच्या मर्जीविरुद्ध मी याचा जीव घेणार नाही. तेव्हा जेनवे स्वतः पुढे होऊन यंत्र चालवते. शेवटी ती एकटीच बाहेर पडते, जेनवे झालेल्या केट मलग्रूचा तो चेहरा नीट बघा. थोरली त्यावर म्हणाली, ‘म्हणजे नाही म्हणाला तो एकटा होलोग्राम?’ मी काहीच बोलले नाही. माझं मत, ही संमतीशिवाय केलेली शस्त्रक्रिया. पण ते पोरांनी विचारल्याशिवाय सांगत नाही. (आणि लेखकांवर माझा राग वेगळाच. पुढच्या भागात त्याचं नावसुद्धा नाही, जणू टुव्हिक्स कधी नव्हताच.)

त्याच रात्री दुसरं काही लावू नका. दुसऱ्या दिवशी ‘डीप स्पेस नाइन’ या ‘स्टार ट्रेक’च्याच दुसऱ्या मालिकेतला ‘इन द पेल मूनलाइट’, 1998चा. रोम्युलन या परग्रहवासीयांना आपल्या बाजूने युद्धात ओढायला कॅप्टन सिस्को खोटा पुरावा बनवून घेतो आणि त्यांच्या एका सिनेटरला दाखवतो. तो खोटेपणा उघडा पडतो, तेव्हा सिस्कोला मदत करणारा, पूर्वी हेर असलेला गॅरक त्या सिनेटरचं यानच उडवतो. इथे एकच प्रश्न: हात कोणाचे? जेनवेने स्वतःचे वापरले, सिस्कोने दुसऱ्याचे.

पोरं सोळाच्या पुढची असतील तर 2009ची ‘टॉर्चवुड : चिल्ड्रन ऑफ अर्थ’ ही ब्रिटिश मालिका दाखवा, पाचही भाग, दिवसाउजेडी. परग्रहावरचे जगातली दहा टक्के मुलं मागतात आणि ब्रिटिश मंत्रिमंडळ कोणती द्यायची हे ठरवायला बसतं. तेव्हा एक बाई शाळांच्या निकालाच्या याद्या काढायला सांगते, खालच्या शाळांपासून सुरुवात. दहावीचा निकाल लागायचा असेल त्या आठवड्यात हे घरात लावू नका. मी लावलं होतं.